कणकेनं लिंपलेलं झाकण

नाचणीला मोड आले ना, की तिला काकडीचा वास सुटतो. नुकत्याच कापलेल्या काकडीचा. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, म्हणून मी गाठोडं नाकाखाली धरते आणि बोलते, घ्या वास. मग बायका गप्प होतात.

माझं काम एवढंच, दाण्याला मोड आणायचे. आठवीनंतर शाळा सुटली, दुसरं काही मला येत नाही. महिला मंडळाच्या ताई बोलल्या की दिवाळी अंकात तुझ्या कामावर लिही, तेव्हा मी आधी नको बोलले. कारण लिहायचं तर झाकणाचं लिहावं लागणार, आणि झाकणाचं आठवलं की अजून माझे हात गार पडतात. ताई बोलल्या, नावं टाकू नकोस आणि लिही. म्हणून त्या काका-काकूंचं आडनाव इथे नाही, बिल्डिंगचं पण नाही. भाईंदर पश्चिमेला राहतात एवढंच समजा.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाचणी सात-आठ पाणी धुवायची, तिच्यात माती फार. मग एक दिवस भिजवायची, मधे मधे पाणी बदलायचं, नाहीतर आंबून जाते. मग सुती कपड्यात बांधायची आणि कपडा सुकू द्यायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं की आत पांढरी दोऱ्यासारखी मुळं फुटलेली असतात, आणि हात घातला तर आत गरम लागतं. खाली गॅस नाही, वर ऊन नाही, तरी गरम. पहिल्यांदा मी घाबरून हात बाहेर काढला होता. मग पसरून सुकवायची, चोळून मुळं झाडायची, पाखडायची, दळायची आणि पातळ कपड्यातून गाळायची. झालं नाचणीचं सत्त्व. आमच्या महाडकडे बाळ सहा महिन्यांचं झालं की हेच भरवतात. माझ्या ओवीसाठी केलं, ते बघून भाईंदर पूर्वेच्या खारीत आमच्या चाळीतल्या दोघींनी मागितलं, आणि मग मी करतच राहिले.

गिऱ्हाइकं पण एकेक. काशीगाववरून एक आगरी आजी नातवासाठी सत्त्व न्यायच्या. अर्धा किलो नेला की आठ दिवसांत परत हजर. मी घाबरले, एवढं सत्त्व एवढ्याशा पोराला बाधेल. मी विचारलं तर आजी हसायला लागल्या. बोलल्या, "पोर कुठं खातंय बायो, त्याला तर गोड लागत न्हाय. मीच खातंय. मला दात न्हाय." तेव्हापासून मी त्यांना जाडसर दळून देते आणि आम्ही दोघी नातवाचंच नाव घेतो.

तर अशातच एकदा एका पुरुषाचा फोन आला. शुद्ध बोलत होते. तुम्ही नाचणीला मोड आणता का, मला पाच किलो हवी, पण दळू नका, भाजू नका. पाच किलो ऐकून मी विचारलं, घरात बाळं किती आहेत? ते बोलले, "एकच आहे. एकसष्ट वर्षांचं."

हे काका. आणि ते बाळ म्हणजे काकू. काका केमिकलच्या कंपनीत लॅबमध्ये होते, काकू शाळेत बाई होत्या. दोघं रिटायर होऊन गिरगाववरून इकडे आले. काकूंना गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नाही, गव्हात एक चिवट पदार्थ असतो, ग्लुटेन, तो त्यांच्या पोटात गेला की आतडीच सोलवटते. जव पण नाही, रवा नाही, मैदा नाही. एकदा त्या एका लग्नात नुसता वरणभात जेवल्या. वरणाच्या फोडणीत हिंग होता आणि हिंगाच्या डबीत मैदा मिसळलेला असतो, हे मला तोवर माहीत पण नव्हतं. तेवढ्या चिमटीभर हिंगानं काकू पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. तोंड आतून फोडांनी भरलं, पाणी पोटात राहीना, सलाईन लावावं लागलं. हे काकांनी मला पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, आणि मी ओवीला कडेवर घेऊन तिथेच घाबरले.

त्यांच्या घराचे नियम होते. मी चपात्या करून येणार, म्हणून आल्या आल्या हात कोपरापर्यंत धुवायचे आणि दाराच्या मागे टांगलेला काकूंचा जुना गाऊन माझ्या ड्रेसवर चढवायचा. ओवीचे हात धुतल्याशिवाय काकू तिला घेत नसत. आणि नाचणी चक्कीवर न्यायची नाही. चक्कीवाला भैया सांगायचा, गेहूँ पर नहीं डालेंगे, ज्वारी पर पीस देंगे. तरी नाही. काकांनी घरघंटी घेतली, फक्त नाचणी आणि तांदळासाठी.

एवढी नाचणी कशाला, तर बियर बनवायला.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी सरळ बोलले, काका मला नाही जमणार. दारूचं काम, माझं अंगावर पिणारं बाळ, उद्या पोलीस आले तर? काकांनी फ्रिजला मॅग्नेटनं लावलेला एक कागद दाखवला, हे बघ परमिट. सरकारी शिक्का होता, मी गप्प बसले. घरी मिस्टरांना सांगितलं. माझे मिस्टर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगला आहेत, दिवसभर भांडी चकाचक करतात आणि स्वतः काळे होऊन येतात. ते बोलले, विकणार आहेत का? मी बोलले नाही. प्यायला बसवतात का तुला? नाही. मग तू नाचणी दे, पुढचं त्यांचं ते बघतील.

पण पुढचं त्यांचं त्यांना जमत नव्हतं. काकांना पुस्तकातलं सगळं माहीत होतं, पण नाचणी हाताखालून गेलेली नव्हती. म्हणून मी सत्त्व देणारी होते ती रोज तीन तास त्यांच्या किचनमध्ये उभी राहायला लागले.

आणि हे सगळं का, ते मला काकूंनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. लग्न झाल्यापासून दर शनिवारी दोघं मिळून एक बाटली बियर घ्यायचे. एकच बाटली, दोन ग्लास, सोबत भाजलेले शेंगदाणे. दिवसभर शाळेतली पोरं, घरी सासूबाई, त्या अर्ध्या तासात तेवढ्या एका ग्लासावर दोघं गप्पा मारायचे. मग काकूंचा आजार कळला. बियर जवाची असते, म्हणून ती बंद झाली. मी विचारलं, काकांची? काकू बोलल्या, "त्यांनी पण सोडली. मी म्हटलं, तुम्ही घ्या. तर म्हणाले, एकट्याने काय बोलायचं ग्लासाशी?" लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, त्या दिवशी काकांना त्यांच्यापुढे ग्लास ठेवायचा होता.

मी ऐकून बघतच राहिले. आमच्याकडे पुरुष बायकोसाठी पाणी भरून आणतो तर चाळ बोलते. हा माणूस एका ग्लासासाठी नाचणी निवडत बसला होता, चष्मा कपाळावर घेऊन.

आता बियर कशी होते ते सांगते, घाबरू नका, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. तांदळाची घट्ट पेज करायची, एवढी घट्ट की चमचा उभा राहील. ती थोडी निवली की, बोट घातलं तर एक मोजेपर्यंत सहन होईल आणि दोनला काढावं लागेल एवढी, तिच्यात मोडाच्या नाचणीचा भरडा टाकायचा आणि ढवळायचं. बस. मी ढवळत होते. पहिल्यांदा हात दुखत होता इतकं जड. मग कधी हलकं झालं कळलं नाही. दहा मिनिटांत ती पेज पाण्यासारखी पातळ झाली, कुणी पाणी ओतलेलं नाही, काही नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलं, मी रडकुंडीलाच आले. काका बोलले, चाखून बघ. चाखलं तर गोड. साखरेचा दाणा नाही आणि गोड. काका बोलले, दाण्याला मोड येतो तेव्हा त्याच्या आत कोंबासाठी खाऊ तयार व्हायला लागतो, आपण तो खाऊ तांदळाला वाटून दिला. मी इतके महिने ओवीला आणि चाळीतल्या पोरांना हे भरवत होते आणि मला ठाऊक नव्हतं की माझ्या गाठोड्यात असलं काही चाललेलं असतं. त्या दिवशी घरी जाताना मी पुलावर मधेच उभी राहिले, ओवीला विचारलं, तुला माहीत होतं काय गं? ती माझं मंगळसूत्र चावत होती.

मग ते गोड पाणी गाळायचं, उकळायचं, त्यात हॉप्स म्हणून वाळकी हिरवी फुलं टाकायची, कडूजहर. गार करायचं, बादलीत भरायचं आणि यीस्टची पुडी सोडायची. यीस्ट म्हणजे पावात असतं तेच, त्याचं बियरचं भावंड. बादलीला घट्ट झाकण, झाकणातून एक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात. आत यीस्ट गोड खातं आणि श्वास सोडतं, तो श्वास नळीतून पाण्यात येतो. डुबुक. थोड्या वेळानं परत, डुबुक. आणि बादली गरम होते, म्हणून तिला ओली चादर गुंडाळायची, ताप आलेल्या पोराला पट्ट्या ठेवतो तशी. सोनोग्राफीत ओवीचे ठोके मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला जसं झालं होतं, तसंच त्या बादलीपुढे बसून झालं. डुबुक. कुणीतरी आत आहे.

पहिली बादली आमच्या हातून नासली, पावसात नाचणी नीट सुकली नाही आणि हिरवी बुरशी धरली. दुसऱ्या खेपेला काकांनी बाटलीत भरताना साखर जास्त घातली. फेस यावा म्हणून बाटलीत थोडी साखर टाकतात, आतलं यीस्ट ती खाऊन वारा करतं. वारा फार झाला. दुपारी मी लादी पुसत होते आणि बाटल्या ठेवलेल्या माळ्यावर धडाम. काकू ओरडल्या, सिलेंडर. मी ओवीला उचलून अनवाणी तीन माळे खाली उतरले. वर आले तर दारात वॉचमन, सेक्रेटरी आणि समोरच्या हेमाबेन. हेमाबेन जैन, मोडाचं काही खात नाहीत, आणि काकांच्या घरातून आंबूस वास येतो म्हणून त्यांना आधीच शंका होती. मला मागेच विचारलं होतं, रोज क्या पकाते हो? मी सांगितलं होतं, आंबील. खोटं पण नव्हतं. नाचणी आंबवून पितातच की आपल्याकडे, मला तर अजून वाटतं आंबील आणि ही बियर सख्ख्या बहिणी आहेत, एक गावातच राहिली आणि एक शिकली.

हेमाबेननी माझ्याकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि सेक्रेटरींना बोलल्या, "कुछ नहीं, आंबील फटा है." मग मला हळूच, "तुम्हारे यहाँ आंबील को ढक्कन भी लगता है?"

सेक्रेटरी गेल्यावर मी काकांना बोलले, तो परमिटचा कागद दाखवायचा ना. काका मान खाली घालून बोलले, तो पिण्याचा आहे, बनवण्याचा नाही. घरच्या बादलीसाठी फॉर्मच नाही म्हणे, कारखान्यासाठी आहे. दोन महिने मी ज्या कागदाच्या भरवशावर होते तो हा. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला आणि मिस्टरांना काहीच सांगितलं नाही.

तरी तिसऱ्या खेपेला मी गेलेच. का गेले ते मला सांगता येणार नाही. डुबुक ऐकायला गेले असं म्हणा.

तिसरी बादली लग्नाच्या वाढदिवसाची. महिनाभर आधी भरली. भरली त्याच दिवशी काकांच्या बहिणीकडे नाशिकला कार्य निघालं आणि दोघांना दोन दिवस जावं लागलं. चावी माझ्याकडे. काका बोलले, सकाळ-संध्याकाळ फक्त बघ, बुडबुडे येतात का.

संध्याकाळी गेले. ग्लासातलं पाणी गप्प. अर्धा तास बसले, एक बुडबुडा नाही. मला वाटलं मेलं. माझ्या ताब्यात दिलं आणि मेलं. काकांना दोनदा फोन लावला, लागला नाही. मग मी बादलीला कान लावला. आत चुरचुर चुरचुर आवाज. जिवंत होतं. म्हणजे श्वास नळीतून न येता झाकणाच्या कडेनं निसटत होता, आणि जिथून श्वास बाहेर येतो तिथून जंतू आत जातात हे काकांनी मला शंभर वेळा सांगितलेलं.

आता सांगा, भांड्याच्या झाकणातून वाफ निसटत असेल तर आपण काय करतो? गावाला आईनं काय केलं असतं? मी धावत घरी गेले, खारीपर्यंत, सकाळच्या चपात्यांची उरलेली कणीक डब्यात घेतली, रिक्षा केली, परत आले, आणि बादलीच्या कडेनं कणकेची वळी गोल फिरवून अंगठ्यानं दाबून बसवली. छान, एकसारखी. आणि बसले बघत.

डुबुक.

मी टाळ्या वाजवल्या एकटीनं. मिस्टरांना फोन लावून मोबाइल ग्लासाजवळ धरला, ऐका. ते बोलले, काय, नळ गळतोय?

तुम्हाला वाचताना कळलं असेल. मला कळलं नाही. इतके महिने मी त्या घरात हात कोपरापर्यंत धूत होते, गाऊन चढवत होते, आणि त्या दिवशी मीच माझ्या हातानं गव्हाचा गोळा डब्यात घालून आत नेला. खूप विचार केला मी यावर. माझ्या डोक्यात तो गहू नव्हताच. गहू म्हणजे खायचा. ती मला लांबी वाटत होती, खिडकीच्या काचेला लावतात ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कणकेला मुंग्या लागल्या, म्हणून मी ती खरवडून काढली. वाळून कडक झाली होती. खरवडताना झाकण हललं आणि चार-पाच कपचे आत पडले. वर फेसावर तरंगत होते, मी चमच्यानं उचलून टाकले. दुपारी काका-काकू आले. काकांनी झाकण उघडून वास घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, "पोरी, जमलं." मी कणकेचं सांगणारच होते. पण ती शाबासकी घ्यायच्या नादात राहून गेलं.

बाटल्या भरल्या, चोवीस. काकांनी प्रत्येकीवर काकूंचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवली.

वाढदिवस रविवारी होता. शुक्रवारी मी ओवीला घेऊन गेले. ती आता चालत होती, हातात चपातीचा तुकडा. काकूंनी हात पुढे केले आणि मग लगेच मागे घेतले. बोलल्या, थांब गं राणी, आधी हात धू, चपातीचे आहेत.

मी ओवीच्या हातातला तो तुकडा बघितला आणि मला झाकण दिसलं. सगळं एकदम दिसलं, वळी, कपचे, चमचा. मी ओवीला घेऊन बेसिनपाशी गेले आणि तिचे हात किती वेळ धुतले, ती रडायला लागली.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मला वाटलं काम जाईल, मला वाटलं काका काय बोलतील, महिनाभराची मेहनत. मला वाटलं चार कपचे तर होते, काढून टाकले, चोवीस बाटल्यांत काय उरणार. आणि मग चिमटीभर हिंग आठवायचा. शनिवारी पण गेले आणि तेव्हा पण नाही सांगितलं. शनिवारी काकूंनी मला शेंगदाणे भाजायला लावले, मी भाजले, करपवले, परत भाजले.

रविवारी दुपारी काकू नवीन साडी नेसल्या होत्या, अबोली रंगाची. काकांनी दोन जुने ग्लास काढले, लग्नातल्या आहेरातले. बाटली उघडली तर फस्स आवाज आला, ग्लासात ओतली तर नाचणीच्या रंगाची, लालसर, आणि वर दोन बोटं फेस. एवढी सुंदर झाली होती. मी दारात उभी. मला जाता येत नव्हतं.

काकूंनी ग्लास उचलला आणि काकांना बोलल्या, "चार वर्षांत बाहेर कुणाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले नाही मी. हे मात्र हिच्या हातचं आहे म्हणून बिनधास्त पिणार."

मी पुढे गेले आणि ग्लासावर हात ठेवला. फेसात माझी बोटं गेली.

"काकू, पिऊ नका. झाकणाला मी कणीक लावली होती."

काका बोलले, "कसली कणीक?"

"आमच्या घरची. चपातीची. आत पण पडली थोडी."

काका खुर्चीत बसले. मी सगळं सांगितलं, रडत रडत, नाशिक, कान, रिक्षा, मुंग्या. काकूंनी ग्लास खाली नाही ठेवला. नाकाजवळ नेला आणि डोळे मिटून नुसता वास घेतला, खूप वेळ. मग विचारलं, "तुला कधी लक्षात आलं?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे."

"भीती वाटली."

"कणकेचा मला राग नाही," काकू बोलल्या. "दोन दिवसांचा आहे."

एवढंच. त्यानंतर मला आजपर्यंत काही बोलल्या नाहीत त्यावर, पण ते वाक्य माझ्या कानात राहिलंय. मला वाटलं आता बोलतील, उद्यापासून येऊ नकोस. त्यांनी ग्लास काकांपुढे सरकवला. "तुम्ही प्या. तुम्हाला गहू चालतो."

काका बोलले, नको. काकू बोलल्या, चाळीस वर्षांत माझं एक तरी ऐका. प्या आणि मला सांगा कशी आहे.

काकांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं सांगतायत, "आधी कडू. मग... मग नाचणीची भाकरी तव्यावर थोडी जास्त राहते ना, तशी. शेवटी गोड."

"कसं गोड?"

"चिकूसारखं."

मी ओवीला घेऊन निघाले. दारापर्यंत गेल्यावर काकूंची हाक आली, "उद्या दहाला ये. साडेदहा नाही."

त्या चोवीस बाटल्यांवरच्या नावावर काकांनी लाल नेलपॉलिशनं फुली मारली. बादली, नळी, चमचा, सगळं फेकलं, प्लास्टिकच्या चऱ्यांत पीठ राहतं म्हणून. दर शनिवारी काका एक बाटली उघडायचे आणि काकूंना सांगायचे कशी आहे. मी किचनमधून ऐकायचे. आज जरा आंबट आहे. आज चिकू जास्त आहे. काकू बोलायच्या, तुम्ही प्रत्येक वेळी चिकूच सांगता, दुसरं फळ माहीत नाही का?

मधल्या दिवसांत मी तांदळाच्या पिठाची वळी करून बघितली, नाचणीची केली. एक टिकली नाही, सुकली की तडे जातात. काकांना विचारलं तर बोलले, गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो, ताणला तरी तुटत नाही, तेच ग्लुटेन. म्हणजे ज्यानं माझं झाकण बंद केलं, तेच काकूंना नडतं. मी रोज मळते ती कणीक, तिच्याकडे आता मी वेगळ्या नजरेनं बघते. बोटाला चिकटते तेव्हा भीती वाटते आणि नवल पण वाटतं.

मग मिस्टरांना सगळं सांगितलं, कागदाचं पण. ते माझ्यावर चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून स्टीलचा डबा करून आणला, नवा, वर झाकणाला रबराची कड आणि चार बाजूंना कुलपासारख्या कड्या. चकाचक, ओवी त्यात स्वतःचं तोंड बघत बसली. बोलले, "यातून वारा निसटला तर मला सांग. पीठ घेऊन धावू नकोस."

चौथ्या खेपेची बियर तयार झाली तेव्हा कसला वाढदिवस नव्हता, साधा शनिवार होता. काकूंनी मला समोर बसवलं. ग्लास हातात घेऊन विचारलं, "आधी सांग. झाकणाला काय लावलंस?"

"काही नाही काकू. रबर आहे."

"आत काही पडलं?"

"नाही. पडलं असतं तर आजच सांगितलं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि प्यायल्या. एक घोट. थांबल्या. काका पुढे वाकले, मी श्वास धरला. काकूंनी दुसरा घोट घेतला, मोठा, ओठावरचा फेस पुसला आणि काकांकडे वळून बोलल्या, "इतके महिने खोटं सांगत होतात. यात चिकू कुठे आहे?"

काका हसत सुटले, काकू पण, आणि मग दोघं बोलायला लागले, माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मी शेंगदाण्यांची वाटी ठेवली आणि हळूच निघाले.

पण घरी गेल्यावर मला चैन कुठली. हिंगाचा त्रास त्यांना दुसऱ्या दिवशी सुरू झाला होता. मी नाचणी धुतली तरी तेच, ओवीला भरवलं तरी तेच, मिस्टर बोलले झोप तरी तेच. सकाळी दहाची वेळ असून मी सातलाच त्यांच्या दारात. बेल वाजवायला बोट उचललं आणि वाजवेना. आत शांत. मी मनात सलाईन बघत होते.

दार आतून उघडलं. काकू स्वतः, हातात चहाचा कप, दूध घ्यायला आल्या होत्या. मला बघून भुवया वर केल्या. मी नुसती बघत राहिले त्यांच्याकडे, वरपासून खालपर्यंत.

"बघतेस काय," त्या बोलल्या. "आहे ठणठणीत. हात धू, गाऊन घाल आणि आत ये."